काटेसाहेब पिल्लू बघायला जातात

मधूनच

वजनाचा काटा जप्त झाला तेव्हा पिल्लू त्याच्या तबकात बसलेलं होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण ही हकीकत काटेसाहेबांच्या घरी निघाली, की ते ती फार लांबून सुरू करतात (प्रामाणिक माणसाचं समाजातलं स्थान वगैरे), आणि गाडी काट्यापर्यंत पोचायच्या आत चहा संपतो, पाहुणे उठतात आणि काटेसाहेबांची अब्रू शाबूत राहते. तर काटा जप्त झाला, पिल्लू आत होतं, त्याचा एक कान उभा होता, दुसरा पडलेला, आणि जप्तीची लाल चिठ्ठी ते मन लावून चाटत होतं.

आता मागे जायला हरकत नाही.

मागे

काटेसाहेब वजनमापं तपासायच्या खात्यात होते. त्यांचं खरं आडनाव वेगळंच; पण दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडणाऱ्या माणसाला दुकानदारांनी एकदा नाव ठेवलं, की पोस्टमनही तेच वापरतो. पुढे बायकोही वापरायला लागली. "काटेसाहेब, पानं वाढलीत. बसताय, की आधी आमटीचं माप घेताय?" खांद्याला कातडी पिशवी, पिशवीत पितळेची प्रमाण वजनं, शिशाची सिलं आणि पक्कड. सुट्टीच्या दिवशीही पिशवी खांद्याला असायची. नसली तर काटेसाहेब एका बाजूला कलून चालायचे.

शंका घेणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. तो दाराबाहेर चपलांसोबत ठेवून घरात यायला हवं होतं. तसं होत नसे. मुलीला सायकल हवी होती तेव्हा काटेसाहेबांनी साखळीची चौकशी केली, ब्रेकची केली, दुकानदाराच्या वडिलांच्या व्यवहाराचीही केली. चौकशी समाधानकारकरीत्या पूर्ण झाली त्या दिवशी मुलीचे गुडघे हँडलला आपटत होते. चित्रकलेच्या वर्गाची चौकशी आटोपली तोवर मास्तर निवृत्त होऊन लेकाकडे राहायला गेले होते.

मुलगी रडली नाही, भांडली नाही. तिने बाबांकडे मागणंच बंद केलं.

पेन्सिलीला टोक करायचं असलं तर आईकडे. गणित अडलं तर मैत्रिणीकडे. पतंग अडकला तेव्हा तर वडील हातात वर्तमानपत्र घेऊन समोर बसलेले असताना ती समोरच्या घरी जाऊन काठी मागून आली. काटेसाहेबांना ते लागलं. किती लागलं हे कुणाला सांगता येईना, कारण त्याला कुठलंच वजन पुरत नव्हतं.

अशात पिल्लाचं निघालं. म्हणजे बायकोने परस्परच काढलं. गावाच्या टोकाला एक बाई कुत्री वाढवत. पूर्वी शाळेत पी.टी. शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना पीटीबाई म्हणत. मुलगी मैत्रिणीबरोबर तिथे जाऊन आली होती, आणि कानाच्या भानगडीवरून एक पिल्लू तिने मनात पक्कं केलं होतं. पिल्लं आता आईपासून सोडायजोगी झाली होती. त्याच पिल्लावर आणखी एका कुटुंबाचा डोळा होता.

"छान!" काटेसाहेब म्हणाले. "चौकशी मी करतो."



"राहू दे मग बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "मला काही तेवढं नकोय."

हे 'तेवढं नकोय' काटेसाहेबांनी रात्रभर उशीखाली घेतलं. सकाळी जाहीर केलं, "या रविवारच्या आत पिल्लू घरात असेल. शब्द देतो."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं," बायको म्हणाली. पण कुणाच्या शेपटाबद्दल बोलतेय हे तिने सांगितलं नाही.

शेजारी बोलतात, काटेसाहेब ऐकतात

"आई बघा," समोरचे बँकवाले काका म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण कर्ज नाकारतानाचा आवाज तसाच राहिला होता. "पिल्लाची आई स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आई दाखवत नसतील तर समजायचं, पिल्लं कुठून तरी उचलून आणलेली आहेत."

"आणि बाप?"

"बाप कुठल्याही घरात कुठे दिसतो? बाहेरच असणार."

"अहो, आई काय बघायची," शिवणकाम करणाऱ्या वरच्या मावशींनी गॅलरीतून मान काढली. "जागा बघा, जागा. स्वच्छता बघा. कुत्री घरात माणसांत वाढतात, की मागे पिंजऱ्यात, ते बघा. टोचलंय का विचारा. आणि पुढे नाहीच जमलं तर पिल्लू परत घेणार का विचारा. चांगली माणसं परत घेतात. मी ब्लाऊज घेत नाही, ते सोडा."

"कळवून जाऊ नका," काका म्हणाले. "धाड घाला."

"शेजारीपाजारी विचारा," मावशी म्हणाल्या. "शेजारी खोटं बोलत नाहीत हो. वाढवून सांगतात, एवढंच. तुम्ही निम्मं धरा."

"कमरेचं विचारा!" काका म्हणाले.

"कुणाच्या?"

"कुत्र्याच्या! या जातीत खुबा निखळतो. आईबापांच्या खुब्याचे फोटो काढलेत का विचारा."

"आणि त्या बाईंनीच तुम्हाला काही विचारलं तर खूश व्हा," मावशी म्हणाल्या. "जी बाई गिऱ्हाइकाची चौकशी करते, तिला पिल्लाची माया असते."

हा शेवटचा सल्ला काटेसाहेबांना आवडला नाही. चौकशी ही एका दिशेने जाणारी गोष्ट आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

गल्ली

पीटीबाईंच्या गल्लीत काटेसाहेब शिरले ते शेजाऱ्यांना विचारायला. पण एक साधी गोष्ट ते विसरले होते. त्या गल्लीतले शेजारी म्हणजे सगळे दुकानदार होते.

भाजीवालीने दुरूनच पिशवी ओळखली आणि आपल्या वजनांवर कोबीचा ढीग रचला. रद्दीवाल्याचं शटर आपोआप खाली आलं. मासळीवाला गिऱ्हाइकाला अर्ध्या व्यवहारात सोडून आत हात धुवायला गेला, तो पुन्हा आलाच नाही. भर सकाळी गल्लीत कर्फ्यू लागल्यासारखं झालं. सापडला एकटा वाणी. तो बिचारा शिडीवर चढून डबे लावत होता, आणि पळायचं म्हटलं तर आधी खाली उतरावं लागलं असतं.

"इथे त्या कुत्रीवाल्या बाई राहतात ना?" काटेसाहेबांनी गोड आवाज काढला.

"राहतात साहेब. काटा परवाच तपासून घेतलाय."

"काट्याचं नाही विचारत. बाई कशा आहेत?"

"फार चोख, साहेब. शिक्का समोरच आहे, दिसेल असा."

"कुत्री ओरडतात का फार?"

"अजिबात नाही साहेब. कमी भरत असेल तर मी वर मूठभर घालतो. गल्लीत कुणालाही विचारा."

"अहो, मी घरच्या कामाला आलोय! पिल्लू घ्यायचंय मला!"

वाणी शिडीवरून खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तपासणीसाने असा सापळा प्रथमच लावला होता.

"घ्या की साहेब," तो शेवटी सावधपणे म्हणाला. "तुम्हाला कोण नाही म्हणतंय?"

मावशींच्या नियमाप्रमाणे काटेसाहेबांनी याचं निम्मं धरलं. शून्याचं निम्मं शून्यच आलं.

बाई

शनिवारी सगळं कुटुंब गेलं. धाड घालायची म्हणून कळवलं नव्हतं. पण दार वाजवायच्या आत पीटीबाईंनीच उघडलं.

"या. वाणी येऊन सांगून गेलाय. चपला इथे. हात तिथे धुवा. साबण लावून."

तिघांनी साबण लावून हात धुतले. बाईंच्या गळ्यात शिट्टी होती. एक बारीक शिट्टी वाजली आणि पिल्लांची आई आतल्या खोलीतून येऊन समोर बसली. काटेसाहेबही नकळत खुर्चीत ताठ झाले.

"ही आई. विचारा काय विचारायचंय ते."

काटेसाहेबांनी विचारलं. पिल्लं कुठे वाढतात? "इथेच, स्वयंपाकघराशेजारी. भांड्यांच्या आवाजाची सवय व्हायला हवी." टोचलंय? टोचलं होतं, डॉक्टरांच्या सहीसकट. खुब्याचे फोटो? बाईंनी खिडकीच्या उजेडासमोर धरून दाखवले. काटेसाहेबांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मान अशी हलवली की जणू खुबे रोजच बघतात. नाही जमलं तर परत घ्याल? "कधीही. म्हातारं झालं तरी."

एकेक उत्तर येत गेलं तसतसे काटेसाहेब अस्वस्थ होत गेले. चौकशीत काहीच सापडत नाही, हा अनुभव त्यांना नवा होता. मुलगी मात्र जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि ते कानवालं पिल्लू तिच्या वेणीचं टोक खात होतं. तिने मान वर करून बाबांकडे पाहिलं. त्या नजरेत आशा होती. अगदी थोडी, पण बऱ्याच दिवसांनी होती.

"तुम्ही घरी कधी असता?" पीटीबाईंनी विचारलं. "आजवर कुठला प्राणी सांभाळलाय? मुलगी शाळेत गेली की पिल्लाजवळ कोण?"

बायकोने भराभरा उत्तरं दिली. बाईंचं समाधान झालं. त्या उठल्या, पिल्लू उचललं, "वाढ कशी आहे ती बघा," म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या तबकडीच्या काट्यावर त्यांनी त्याला ठेवलं.

काटेसाहेबांनी पिल्लाकडे पाहिलं नाही. त्यांनी काट्याकडे पाहिलं.

शिक्का नव्हता.

आता इथे न्यायाने बोलायचं तर काटेसाहेबांनी काहीच केलं नाही. जे केलं ते हाताने केलं. हात पिशवीत गेला, हाताने पितळेचं वजन काढलं, पिल्लाला एका बाजूला सरकवून तबकात ठेवलं. सुई होती तिथून त्या वजनापेक्षा जास्तच पुढे सरकली. काटा जड दाखवत होता! म्हणजे पिल्लं होती त्याहून गुटगुटीत दिसत होती! इतक्या चौकशीनंतर अखेर काहीतरी सापडलं होतं, आणि काटेसाहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मुलीने नेमकं पाहिलं.

"अहो," बायको म्हणाली.

हाताने लाल चिठ्ठी चिकटवली.

"अहो!"

पक्कड वाजली. सील बसलं. "विनाशिक्का, सदोष," काटेसाहेबांचं तोंड म्हणालं, "सबब जप्त." मग त्यांनी पिल्लू बाहेर काढून बाईंच्या हातात दिलं, कारण ते जप्त नव्हतं.

"बाबा," मुलगी म्हणाली. एवढंच. मग उठून बाहेर जाऊन चपला घालू लागली.

पीटीबाईंनी शिट्टी वाजवली नाही. ती वाजवली असती तर बरं झालं असतं, असं काटेसाहेब अजूनही म्हणतात.

"पिल्लांना जंताचं शेवटचं औषध द्यायचंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते वजनावर देतात. दिल्याशिवाय मी पिल्लू सोडत नाही. आणि वजन करायचा काटा तुम्ही जप्त केलात."

"डॉक्टरांच्या काट्यावर करू या ना," बायकोने मध्यस्थी केली.

"डॉक्टरांचा काटा यांनीच मागे नेलाय."

सगळ्यांनी काटेसाहेबांकडे पाहिलं. काटेसाहेबांनी छताकडे पाहिलं.

"मग नवा काटा..."

"त्याला शिक्का लागेल ना?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलणं जमत नसल्याने काटेसाहेब म्हणाले, "लागेल."

"कुणाचा?"

"आमचाच."

"मग माझा काटाच सोडवून आणा. तुम्ही नेलात, तुम्ही आणा. मी पुढच्या रविवारपर्यंत थांबते. मग पिल्लं परगावच्या डॉक्टरांकडे नेऊन मोजीन, आणि हे त्या दुसऱ्या मंडळींना देईन. त्यांनी अजून माझं काही जप्त केलेलं नाही."

खिडकी

"अहो, जरा..."

"रांगेत या."

"मी आहे."

"मी कोण?"

"काटेसाहेब."

"काटेसाहेब आत बसतात. खिडकीबाहेर अर्जदार असतो. तुम्हीच शिकवलंय मला."

(खात्याच्या खिडकीवरच्या बाईंना काटेसाहेबांनी स्वतः तयार केलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.)

"मी अर्जदार. काटेमालकांच्या वतीने."

"वस्तू?"

"तबकडीचा काटा."

"पडताळणीची तारीख लागेल."

"कधीची?"

"पिल्लू केवढं आहे?"

"तुम्हाला कसं कळलं पिल्लाचं?"

"सगळ्या बाजाराला कळलंय. केवढं आहे?"

"मांडीवर मावेल एवढं."

"मग तारीख येईल तेव्हा ते तुम्हाला फिरायला नेईल. पुढचा!"

"थांबा, थांबा! दुसरा काही मार्ग?"

"काट्यावर काय विकतात?"

"काही नाही. पिल्लं मोजतात."

"पिल्लं किलोवर विकतात?"

"छे हो!"

"म्हणजे काटा धंद्याचा नाही. घरातल्या काट्याला शिक्का लागतच नाही, साहेब. मग तुम्ही जप्त कशाला केलात?"

(मागची रांग पुढे सरकली. ऐकायला.)

"साहेब?"

(काटेसाहेबांनी पिशवीचा पट्टा सरळ केला.)

"जप्ती चुकीची होती असं लिहून दिलंत तर काटा आज सुटेल. नाहीतर तारीख. मागे लोक उभे आहेत."

चूक हा शब्द काटेसाहेबांना परका नव्हता. तो त्यांनी आजवर शेकडो दुकानदारांकडून लिहून घेतला होता. स्वतःच्या हाताने तो कसा काढतात हे मात्र आठवेना. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच शाईचा एक ठिपका वाढत राहिला. या एका शब्दावर उद्यापासून गल्लीगल्लीत वाणी हसणार, भाजीवाल्या कोबीमागून वजनं काढून त्यांच्याच तोंडासमोर नाचवणार. त्यांना वाटलं, तारीख घ्यावी. मुलीला समजावता येईल. पिल्लं काय, दुसरीही असतात. मुलगी काही म्हणायची नाही.

ती काही म्हणायची नाही, याचीच तर त्यांना भीती वाटली.

त्यांनी लिहिलं.

"छान," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "आता नियमाप्रमाणे वस्तू जिथून उचलली तिथेच परत द्यायची. भागातले दोन दुकानदार पंच. आणि हे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचं."

"हा कसला नियम?"

"तुम्हीच सुचवला होतात साहेब. कारभार उघड्यावर व्हावा म्हणून."

मोठ्याने

पंच म्हणून वाणी आला, भाजीवाली आली. बाकीचे सगळे पंच नसतानाही आले. रद्दीवाल्याने शटर इतक्या वर नेलं की ते अडकलं. मासळीवाला स्टूल घेऊनच आला. पीटीबाई दारात, त्यांच्या पायाशी कुत्री, आणि कुत्रीमागे पिल्लांची ओळ. बायको आणि मुलगी कडेला उभ्या. मुलगी यायला तयार नव्हती. आईने दंडाला धरून आणली होती.

काटेसाहेबांनी घसा साफ केला.

"मी, खाली सही करणारा, असे नमूद करतो की, सदर काटा विक्रीसाठी वापरात नसताना, व पिल्लू वजनावर विकले जात नसताना, मी तो जप्त केला. ही माझी चूक आहे."

वाणीने कानामागे हात धरला.

"शेवटचं वाक्य नीट ऐकू नाही आलं, साहेब," वाणी म्हणाला.

"मला आलं," भाजीवाली म्हणाली. "पण परत चालेल."

काटेसाहेबांनी परत वाचलं.

"पिल्लू वजनावर विकले जात नसताना!" मासळीवाल्याने स्टुलावरून तो भाग तेवढा उचलून शेजाऱ्याला दिला, आणि गल्लीभर हशा पसरला. काटेसाहेबांचे कान लाल झाले. दोन्ही उभे होते, एवढाच काय तो फरक.

"मागच्यांसाठी एकदा, साहेब!"

तिसऱ्यांदा वाचताना वाऱ्याने कागद फडफडायला लागला. एक कोपरा दुमडला, ओळ दिसेना. तेवढ्यात कुणीतरी बाजूने येऊन कोपरा धरला. मुलगी होती. ती कागदाकडे बघत होती, बाबांकडे नाही. पण कोपरा तिने घट्ट धरला होता.

"ही," काटेसाहेबांनी वाचलं, आणि या वेळी आवाज खरोखरच मागपर्यंत गेला, "माझी चूक आहे."

पीटीबाईंनी शिट्टी फुंकली. "विश्राम!"

गल्लीने खांदे सैल सोडले आणि आपापल्या दुकानाकडे वळली.

आत गेल्यावर बाईंनी काटा टेबलावर ठेवला. "पण जड दाखवतो हे खरं ना? त्याचं काय?"

काटेसाहेब म्हणणार होते की दुरुस्ती खात्याच्या अखत्यारीत येत नाही. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी काटा पालथा केला आणि खालचा स्क्रू बोटाने जरासा फिरवला. वजन ठेवून पाहिलं. सुई बरोबर जागी आली.

"एवढंच होतं?" बायकोने विचारलं.

"एवढंच," काटेसाहेब म्हणाले.

पिल्लू मोजलं, औषध मोजलं. पिल्लाने औषध गिळून उरलेलं काटेसाहेबांच्या बाहीला पुसलं. पीटीबाईंनी मुलीला खाण्याच्या वेळा सांगितल्या, दोनदा म्हणवून घेतल्या, आणि पिल्लू तिच्या हातात देताना काटेसाहेबांकडे बोट केलं. "काही अडलं तर मला फोन करायचा. यांना चौकशीला पाठवायचं नाही."

थांबा

बसथांब्यावरच्या बाकावर तिघं बसली. मुलीच्या मांडीवर पिल्लू, पिल्लाचा एक कान वर. बस दिसत नव्हती. काटेसाहेब पिशवी मांडीवर घेऊन, तो कागद हातात धरून बसले होते. उद्या सकाळी पंचांच्या सह्यांसकट तो खिडकीवर जमा करायचा होता. नाही केला तर काय होतं हे त्यांना तोंडपाठ होतं: सगळं पहिल्यापासून. पंच, गल्ली, मोठ्याने वाचन.

पिल्लू उठून उभं राहिलं. गोल फिरलं. जागा हुंगली. मागचे पाय वाकवले.

"बाबा!" मुलगी ओरडली. "बाबा, काहीतरी द्या ना! पटकन!"

आई दुसऱ्या बाजूलाच बसली होती. तिच्या हातात पिशवी होती, पिशवीत जुनं फडकं होतं. पण मुलीने आईकडे मागितलं नव्हतं.

काय हवंय, कशासाठी, किती मोठं, सुती की कागदी, असलं काहीही काटेसाहेबांनी विचारलं नाही. हातात होतं ते त्यांनी दिलं.

कागद चांगला जाड, सरकारी होता. थेंबही खाली आला नाही.

"अहो, ते तुमचं..." बायको म्हणाली.

"असू दे," काटेसाहेब म्हणाले. मुलगी इतकी हसत होती की तिला पिल्लू धरवेना, म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी सावरलं. "पाठ झालंय आता मला. उद्या परत वाचीन."